चक्कर, भोवळ, घेरी, झोकांडी: सगळ्याला एकच गोळी का चालत नाही

माझी आत्या तासगावला राहते. दोन वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमाराला तिने कूस बदलली आणि तिला वाटलं भूकंप झाला. खरंच वाटलं, तिने पलंगाची कड घट्ट धरली आणि आतोबांना म्हणाली उठा, बाहेर चला. आतोबा बघतायत तर पंखा जागेवर, कपाट जागेवर, आणि ही बाई डोळे मिटून ओरडतेय की खोली फिरतेय. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं शांत झालं, मग उलटी झाली, आणि पुढचे सहा महिने जे सुरू झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी झालेलं असणार. आधी पित्त म्हणून गोळ्या, मग बीपी लो असेल म्हणून मीठ-साखरेचं पाणी, मग मानेचा एक्सरे काढून 'मणक्यात गॅप आहे' आणि गळ्यात पट्टा, मग डोक्याचा एमआरआय (नॉर्मल), आणि या सगळ्या काळात सकाळ-दुपार-संध्याकाळ चक्करची गोळी. चक्कर जिथल्या तिथे.

शेवटी मिरजेला चक्करचंच बघणारे एक डॉक्टर आहेत असं कळलं, त्यांच्याकडे मीच घेऊन गेले. त्यांनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले, मग टेबलावर आडवं केलं, डोळ्यांत बघत बसले, डोकं इकडून तिकडे वळवलं आणि म्हणाले, "काकू, झालं." बाहेर आल्यावर आत्या माझ्या कानात म्हणाली, "अगं, हे डॉक्टर आहेत का देवऋषी?"

देवऋषी नव्हते. काय केलं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं, नंतर बरंच विचारून-वाचून समजलं, तेच इथे सांगतेय.

'चक्कर येते' एवढ्यावर डॉक्टरला काहीच कळत नाही

मराठीत यासाठी शब्द काय कमी आहेत का? खोली फिरते ते गरगरणं. डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस खाली बसतो ती भोवळ किंवा घेरी. चालताना पाय भलतीकडे पडतो ती झोकांडी. आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं नुसतंच हलकं-हलकं वाटतं ते वेगळंच. पण दवाखान्यातल्या स्टुलावर बसलो की हे सगळं विसरतो आणि म्हणतो "चक्कर येते हो". बाहेर तीस पेशंट बसलेले असतात, डॉक्टर गोळी लिहून देतात, दोघंही सुटतात.

गंमत म्हणजे बरीच वर्षं डॉक्टरांनाही हेच शिकवायचे की पेशंटला नक्की 'कसं' वाटतं ते विचारा आणि त्यावरून आजार ओळखा. मग लक्षात आलं की तोच माणूस दहा मिनिटांनी परत विचारलं तर वेगळा शब्द सांगतो. त्यामुळे आता जास्त भर दोन प्रश्नांवर असतो: एकदा सुरू झाली की किती वेळ टिकते, आणि कशाने सुरू होते. आत्याला सहा महिन्यांत हे दोन प्रश्न कुणी नीट विचारलेच नव्हते. मिरजेच्या डॉक्टरांनी घड्याळ दाखवून विचारलं, "मिनिट की तास?" ती म्हणाली "दिवसभर". त्यांनी परत विचारलं, "खोली फिरते ती दिवसभर, की फिरून गेल्यावर भीती आणि मळमळ दिवसभर?" तेव्हा कुठे ती म्हणाली की फिरते ती मिनिटभरच, आणि ती पण उजव्या कुशीवर वळलं की. निम्मं निदान तिथेच झालं.

कानात गवंड्याचं सामान

आपल्याला वाटतं कान ऐकायला असतो. पण आतल्या कानात, हाडाच्या पार आत, तोल सांभाळायचं यंत्र पण असतं, दोन्ही बाजूंना एक-एक. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, म्हणजे सरळ खाली कुठे ते कळतं. तसा कानात दोन पिशव्यांमध्ये ओळंबा असतो. तिथे चिकट थरावर अगदी बारीक खडे बसवलेले असतात, शंख-शिंपले ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनतात त्याचेच. डोकं कललं की खड्यांच्या वजनाने खालचे केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण कललो.

त्याच्या शेजारी तीन अर्धगोल नळ्या असतात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या, तिघी तीन दिशांना. त्या डोकं फिरलं की सांगतात. लहानपणी फुगडी घातली असेल तर हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. फुगडी चालू असते तेव्हा मजा असते, थांबलं की मात्र अंगण फिरायला लागतं, कारण तुम्ही थांबलात तरी नळीतला द्रव अजून वाहत असतो, बादली गरगर फिरवून थांबवली तरी पाणी फिरत राहतं तसं. मेंदूला पाय सांगतात आपण उभे आहोत आणि कान सांगतो आपण फिरतोय. या भांडणाचं नाव चक्कर.

डोळे, कान आणि पाय या तिघांच्या बातमीवर तोल चालतो, तीन दगडांच्या चुलीसारखा. एक दगड हलला तर बाकीचे दोन सांभाळून घेतात, पण दुसराही गेला की गडबड. म्हणून मधुमेहाने तळपाय बधिर झालेला माणूस दिवसा ठीक चालतो आणि रात्री लाइट गेली की भिंत धरतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर बाथरूमच्या नळाला हात लागतोच ना काही जणांचा, ती खूण छोटी नाही, डॉक्टरांना जरूर सांगा.

आत्याला झालं होतं काय

ओळंब्याच्या पिशवीतले खडे सुटून शेजारच्या नळीत गेले होते, बस. याला मेडिकल नाव लांबलचक आहे, बीपीपीव्ही म्हणतात, आपण 'खडे सरकणं' म्हणू. (हे किडनीतले किंवा पित्ताशयातले खडे नव्हेत, आत्याने लगेच विचारलं होतं पाणी जास्त प्यायचं का!) नळीचं काम फक्त फिरणं ओळखायचं, तिथे वजन असलेली वस्तू असायलाच नको. ती गेली की कूस बदलताना खडे नळीत घरंगळतात, द्रवाला ओढतात, आणि मेंदूला खबर जाते की डोकं जोरात फिरतंय. खडे तळाशी बसले की खबर थांबते, म्हणून सगळं मिनिटाच्या आत संपतं. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, दोरीवर कपडे वाळत घातले, पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकली, डेंटिस्टच्या खुर्चीतून उठलं, की होतं. डोक्याला मार लागला तर कुणालाही होऊ शकतं, पण जास्त करून पन्नाशीनंतर आणि बायकांना जास्त. गरगरण्यामागे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच.

उलटी होते म्हणून आपण पित्त म्हणतो, पण कानाच्या तोलाच्या वायरी मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला जोडलेल्याच आहेत, घाटात एसटी लागते ती त्याच वाटेने. पोटाचा काही दोष नसतो.

कानाचा आजार आणि बघतात डोळ्यांत?

हो, कारण कानाच्या नळ्या थेट डोळ्यांच्या स्नायूंना जोडलेल्या आहेत, शरीरातल्या सगळ्यात वेगवान जोडण्यांपैकी ही एक. तुम्ही चालत-चालत दुकानाची पाटी वाचू शकता ती याच्यामुळे, डोकं हललं तेवढे डोळे उलट्या बाजूला सरकतात, मोबाइल कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनसारखं. कानाने खोटी खबर दिली की डोळे त्या खोट्या फिरण्याच्या मागे जातात आणि झटक्याने परत येतात, परत जातात. या आपोआप होणाऱ्या थरथरीला निस्टॅग्मस म्हणतात. ती कुठल्या दिशेला आहे, गोल आहे की आडवी, किती सेकंदांनी सुरू झाली, यावरून कुठल्या कानातली कुठली नळी ते कळतं.

आत्याला बसवून मान पंचेचाळीस अंशात उजवीकडे वळवली आणि एकदम मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं. "काकू, डोळे मिटायचे नाहीत, कितीही फिरलं तरी." दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग तिचे डोळे, मी समोरून बघत होते, घड्याळाचा काटा अडकून टकटक करावा तसे गोल-गोल झटके द्यायला लागले. ती किंचाळली, माझा हात तिने असा आवळला की बांगडी वाकली. डॉक्टर शांतपणे सेकंद मोजत होते. वीस-पंचवीसला थांबलं. ही तपासणी १९५२ पासूनची आहे, डिक्स आणि हॉलपाइक या दोघांच्या नावाची, आणि तिला लागतो फक्त एक टेबल.

डोळे आणि कान यांचं हे नातं ओळखणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी. पेशंटचे कान धुताना त्यांच्या लक्षात आलं की पाणी थंड असलं की डोळे एका बाजूला उडतात आणि गरम असलं की उलट्या बाजूला. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियाने पकडलेले युद्धकैदी म्हणून छावणीत होते. आपल्याकडे कान फुटलेल्या पोराला विहिरीत उडी मारू देत नाहीत त्यात हेही कारण आहे बरं का: थंड पाणी पडद्याच्या भोकातून आत गेलं की पाण्याखाली चक्कर येते आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही.

मग बरं केलं कसं?

लहानपणी ती पारदर्शक डबी असायची, आतला छर्रा वाकड्या वाटेने हलवत-हलवत भोकात पाडायचा. तेच. डोकं एका ठरावीक क्रमाने वळवायचं म्हणजे खडे नळीतून फिरत परत पिशवीत पडतात. उजवीकडे मान करून झोपवलं, मिनिटभर थांबले, मग मान डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीला आणि नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. याला एप्लीची पद्धत म्हणतात, अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या जॉन एप्ली नावाच्या कानाच्या डॉक्टरांची. १९८० च्या सुमाराला त्यांनी हे दाखवायला सुरुवात केली तेव्हा बरोबरीचे डॉक्टरच हसले, आणि नीट पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. तेव्हा आत्याने देवऋषी म्हटलं त्यात तिचा काही दोष नाही. खडे आडव्या नळीत असतील तर पद्धत वेगळी, देवळाभोवती लोटांगण घालतात तसं टेबलावर पूर्ण एक फेरा लोळवतात.

यूट्यूबवर बघून घरीच केलं तर?

कान कुठला आणि नळी कुठली हे माहीत असेल आणि डॉक्टरांनी एकदा शिकवलं असेल तर करतात लोक. पण माहीत नसताना चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग शून्य, आणि मानेचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्याचा पडदा सरकलेला असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. मुळात तुमची चक्कर खड्यांचीच आहे हे कोण ठरवणार?

"पण आमच्या डॉक्टरांनी तर मानेचा गॅप सांगितला"

यावर मला जरा जास्तच राग आहे, सांभाळून घ्या. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्सरे काढा, झीज दिसणारच, जशी केसांत पांढरे दिसणार. गरगर फिरण्याचं कारण ती झीज असणं फार क्वचित. होतं काय, की मान वळवली की चक्कर येते म्हणून संशय मानेवर जातो, पण मान वळवताना डोकंही वळतंच ना, आणि डोक्यात कान असतो! आत्याने तो पट्टा एप्रिल-मेच्या उन्हात घातला, मानेला घामोळं आलं, आणि मान न हलवल्यामुळे जे आपोआप सुधारलं असतं तेही लांबलं.

एमआरआय नॉर्मल आला म्हणजे काही नाही, असं ना?

नाही. कानातले खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत, मायग्रेन दिसत नाही, उठल्यावर बीपी पडतं ते दिसत नाही. आणि उलटंही खरं आहे: मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक पहिल्या दिवसात एमआरआयमध्येही सुटू शकतो, सिटी स्कॅनमध्ये तर बऱ्याचदाच. चक्कर सुरू होऊन थांबतच नसेल, तासन् तास चालूच असेल, तेव्हा डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्या करतात. त्यात डोक्याला हलका झटका देऊन नजर टिकते का बघणं, ही एक. २००९ साली अशा पेशंटवर केलेल्या अभ्यासात या तिन्हींनी मिळून सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा जास्त स्ट्रोक पकडले होते. पण त्या करणारा माणूस शिकलेला लागतो, स्पेशालिस्ट लागतो तो इथे.

आणि हे मात्र लक्षात ठेवाच: चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हात-पाय जड पडला, आधाराशिवाय बसताही येईना, पूर्वी कधी नव्हतं असं जोरात डोकं किंवा मान दुखली, तर पित्त म्हणून थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. स्ट्रोकची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सगळ्यांचंच खडे असतं का?

नाही ना, म्हणून तर वेळ विचारतात. उठून उभं राहिलं की अंधारी आणि दोन क्षणांत ठीक, तर आधी झोपून आणि मग उभं करून बीपी मोजतात, वरचा आकडा वीसने पडला तर कारण सापडलं. मग बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांचा डोस बघतात, उन्हाळ्यात पाणी किती पिता विचारतात. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत गरगरणं आणि त्याच वेळी एक कान गच्च, आत शिट्टी, ऐकू कमी, तर मेनियरचा आजार. १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनियर यांनी पहिल्यांदा ठासून सांगितलं की हे मेंदूचं नाही, कानाचं आहे. यात पापड-लोणचं कमी करायला सांगतात. अर्धशिशीवाल्यांना डोकं न दुखताही चक्कर येते, पाच मिनिटं ते तीन दिवस काहीही, आणि इलाज मायग्रेनचा करावा लागतो. तोलाच्या नसेला सूज आली तर दोन-तीन दिवस माणूस अंथरुणातून उठू शकत नाही.

अजून एक गट आहे ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेले किंवा जेंटामायसिन बरेच दिवस चाललेले. या औषधांनी दोन्ही कानांचा तोल कायमचा जाऊ शकतो, आणि ऐकू नीट येत असतं म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांना खोली फिरत नाही, तर चालताना समोरचा रस्ता उड्या मारतो आणि अंधारात पाय टाकवत नाही. अमेरिकेतल्या एका डॉक्टरलाच स्ट्रेप्टोमायसिनने हे झालं होतं, त्याने १९५२ मध्ये लिहिलंय की वाचण्यासाठी त्याला कॉटच्या गजांमध्ये डोकं अडकवून धरावं लागायचं, कारण नुसत्या नाडीच्या ठोक्याने अक्षरं हलायची.

पण गोळीने बरं वाटतं की

पहिले दोन-तीन दिवस वाटणारच, आणि उलट्या थांबत नसतील तर ती घ्यावीच. पण सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या जातीच्या गोळ्या तोलाची यंत्रणा गुंगवतात. एक कान बिघडला तर मेंदू स्वतः नवा हिशेब शिकतो, कंडक्टर नवा असताना धडपडतो आणि महिन्याभरात चालत्या गाडीत हात न धरता तिकीट फाडतो तसा. गुंगीत ठेवलेला मेंदू शिकत नाही. शिवाय याच गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरायला लागतात, चाल बारीक होते, आणि मग पार्किन्सनची वेगळी फाइल तयार होते. बीटाहिस्टिन त्या मानाने निरुपद्रवी, पण मेनियरसाठी २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. खडे सरकले असतील तर गोळी खड्यांना ढकलणार कशी हा साधा प्रश्न आहे.

गोळीच्या जागी बऱ्याचदा व्यायाम असतो. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी बसवलेला, आता पुष्कळ सुधारलेला. भिंतीवरच्या कालनिर्णयमधल्या एका तारखेवर नजर ठेवून मान 'नाही नाही' अशी हलवायची, तारीख स्पष्ट दिसत राहिली पाहिजे. सुरुवातीला यानेच चक्कर वाढते आणि लोक तिथेच सोडून देतात. थोडी वाढली पाहिजे, तेव्हाच मेंदू शिकतोय.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल, मानसिक असेल"

हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या बायका मी स्वतः पाहिल्यात. पहिला झटका बरा होऊनही तीन महिन्यांहून जास्त काळ रोज नावेत उभं असल्यासारखं वाटत राहणं, मॉलमध्ये किंवा मोबाइल स्क्रोल करताना वाढणं, याला आता स्वतःचं नाव आणि निकष आहेत, २०१७ मध्ये ठरलेले. मेंदू पडण्याच्या भीतीने सतत पहाऱ्यावर राहतो, हे खरं, पण पेशंट नाटक करत नसतो. त्यावर व्यायाम, समुपदेशन आणि कधीकधी औषध असं मिळून चालतं.

जायचं कुठे

सुरुवात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपासून करा, पण फोनवरच विचारा की चक्करसाठी झोपवून डोळे तपासता का. याच विषयात पुढे शिकलेल्याला न्यूरोटॉलॉजिस्ट म्हणतात, कान आणि मेंदू यांच्यामधल्या वायरिंगचा डॉक्टर. पुण्या-मुंबईत व्हर्टिगो क्लिनिकं आहेत, तिथे कॅमेऱ्याचा गॉगल घालून अंधारात डोळ्यांचं रेकॉर्डिंग करतात, ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची तपासणी करतो, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो. लहान गावात असाल तर जवळच्या मेडिकल कॉलेजची ईएनटी ओपीडी बघा. जाताना सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, आणि चक्कर आली असताना कुणी मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढला असेल तर तो सोन्यासारखा.

आत्याचे खडे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत परत सरकले, सरकतात परत बऱ्याच जणांचे. मधे तिचं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं होतं, ते भरून काढलं तर परत व्हायचं प्रमाण कमी होतं असं कोरियातल्या एका चाचणीत दिसलंय, पण आत्या कॅप्सूल विसरते. या वेळी मला सकाळी सहाला फोन आला. "अगं, डाव्या कुशीला, मोजले मी, बावीस सेकंद. कान गच्च नाही, बोलणं नीट आहे, हाताला-पायाला काही नाही. तू येऊ नकोस, मी आठच्या गाडीने जाऊन येते."